दसऱ्याला सगळ्या पट्ट्या बोलाव्यात: कोकणात पहिला कीबोर्ड घेताना

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की भजनाच्या बैठकीनंतर कोणी ना कोणी मला ओटीवर गाठतो. "बुवानू, झिलाक कॅसिओ घेवचो आसा. खंयचो घेव?" मुलाला कीबोर्ड घ्यायचा आहे, कोणता घेऊ, असं तो विचारत असतो. आमच्या भागात कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असला तरी तो कॅसिओच. विचारणाऱ्याच्या मोबाइलवर तीन-चार फोटो तयार असतात आणि खाली आकडे: ४०० टोन (म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे तयार आवाज), ६०० टोन, ८०० टोन. ८०० वाला घ्यायचं त्याच्या मनात जवळजवळ पक्कं झालेलं असतं.

मी आकडे बाजूला ठेवतो आणि विचारतो, हा ठेवणार कुठे? घर कौलारू की स्लॅबचं? समुद्र किती लांब? घरीच राहणार की मांडवात जाणार? कोकणात कीबोर्डाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर असते. चार महिने ओल, खारं वारं, येणारी-जाणारी वीज. मग दसऱ्याला कव्हर काढावं आणि मधल्या सप्तकातले तीन सूर मुके निघावेत, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. माझ्या लेखी विश्वासाचा कीबोर्ड तो, ज्याच्या ६१ च्या ६१ पट्ट्या दसऱ्याला बोलतात आणि एखादी रुसलीच तर ती नीट करणारा माणूस एका दिवसात जाऊन-येऊन गाठता येतो.

मी वीसेक वर्षं मंडळात पेटी वाजवतो आहे, कीबोर्ड गेली बारा वर्षं. माझा पहिला कीबोर्ड तिसऱ्या पावसाळ्यात गेला आणि त्यात चूक माझीच होती. ती गोष्ट पुढे सांगतो, कारण तीच चूक अजून घरोघर होते.

पहिली पायरी: वाजवणारा कोण, वाजणार कुठे

आठ-दहा वर्षांचं मूल घरी शिकणार असेल तर अंगातच स्पीकर असलेला, सेलवर चालणारा, टच (दाबाल तसा आवाज हळू-मोठा होण्याची सोय) असलेला कीबोर्ड घ्या. भजनी मंडळासाठी हवा असेल तर सूर बारीक जुळवता येणं आणि साउंडवाल्याच्या मिक्सरला नीट जोडता येणं सगळ्यात महत्त्वाचं. नमन, शक्तीतुरा अशा लोककलांच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या रंगमंचावर जाणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे अनेक जण रोलँडचा एक्सपीएस-१० वापरतात. तो खऱ्या अर्थाने सिंथेसायझर आहे, त्याच्यात आवाज घडवता येतात. पण त्याला स्वतःचे स्पीकर नाहीत. घरी आणून वायर लावली आणि आवाजच येईना म्हणून घाबरून फोन करणारे मला भेटले आहेत. हेडफोन किंवा ॲम्प्लिफायर लावल्याशिवाय तो बोलणार नाही.

दुकानात ज्याला सरसकट 'सिंथेसायझर' म्हणतात तो बहुतेक वेळा अरेंजर कीबोर्ड असतो: तयार आवाज, तयार ताल, डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार सूर) धरली की मागे साथ सुरू. नवशिक्याला हाच लागतो. नावावरून गोंधळू नका.

दुसरी पायरी: पट्ट्या मोजा आणि दाबून बघा

६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तकं आणि वर एक सूर. ३६ पांढऱ्या, २५ काळ्या. याहून कमी घेऊ नका. ३२ किंवा ४४ छोट्या पट्ट्यांचे खेळण्यासारखे कीबोर्ड तीन-चार हजारांत मिळतात आणि 'आधी यावर शिकू दे' म्हणून लोक ते घेतात. पट्टी अरुंद असल्याने मुलाच्या बोटांना अंतराची चुकीची सवय लागते, आणि मंडळाच्या पेटीवर बसल्यावर तीच बोटं चुकतात. ते पैसे वाचवा आणि वर्षभर थांबा. तोवर गावातल्या पेटीवर शिकलेलं कधीही चांगलं.

मग टच रिस्पॉन्स. हळू दाबलं तर आवाज हळू, जोरात दाबलं तर मोठा. हे कसं होतं ते समजून घेतलं तर जुना कीबोर्ड पारखतानाही उपयोग होतो. टच असलेल्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली रबराची एक टोपी असते आणि तिच्या आत कार्बनचे दोन ठिपके. पट्टी खाली जाताना आधी एक ठिपका खालच्या सर्किटवर टेकतो, मग दुसरा. दोघांमधला वेळ मोजून यंत्र ठरवतं की तुम्ही किती जोरात दाबलंत. आता या ठिपक्यांवर ओल, बुरशी किंवा धूळ बसली तर हिशोब चुकतो. मग एखादी पट्टी कितीही हळू दाबली तरी ओरडते, नाहीतर बोलतच नाही. आपल्याकडे पावसाळ्यानंतर जी तक्रार येते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. सर्किट जळालेलं नसतं. जाणकार माणूस कीबोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ठिपके पुसतो आणि सूर परत येतात. म्हणून 'बोर्ड गेलं, नवीन घ्या' असं कोणी पहिल्या मिनिटाला सांगितलं तर लगेच मान्य करू नका.

पेटी वाजवणाऱ्याला टचचा सुरुवातीला त्रास होतो. पेटीवर सुराचं कमी-जास्त भात्यावर असतं, बोट फक्त पट्टी उघडतं. त्यामुळे आपली बोटं एका वजनाची नसतात आणि कीबोर्डवर एक सूर दबतो, दुसरा उसळतो. यावर उपाय आहे: हार्मोनियम किंवा ऑर्गनचा टोन लावला की सेटिंगमध्ये जाऊन टच बंद करायचा. पियानो शिकायचा असेल तेव्हा चालू. म्हणजे टच असलेला कीबोर्ड दोन्हीकडे चालतो, नसलेला एकीकडेच. थोडे पैसे वाढवायची वेळ आली तर मी ते इथेच वाढवायला सांगतो.

तिसरी पायरी: सूर जुळतो का ते पाहा

या एका गोष्टीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि मांडवात सगळ्यात जास्त फजिती इथेच होते.

ट्रान्सपोजचं बटण जवळपास सगळ्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डांवर असतं. त्याने तुम्ही वाजवाल एका जागेवरून आणि ऐकू येईल दुसरा सूर. पेटीवाले सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या डावीकडून वेगवेगळ्या मोजतात: पहिली पांढरी ती पांढरी एक, चौथी काळी ती काळी चार. पांढरी एकला शून्य धरलं तर एक-एक पायरी वर किंवा खाली, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने मोजत. बुवा काळी चारमध्ये गाणार असतील आणि तुमची बोटं पांढरी एकची असतील तर उणे ४ करा, किंवा वरचा सूर हवा असेल तर अधिक ८. काळी पाचसाठी उणे २. काळी एकसाठी अधिक १. पांढरी चारसाठी अधिक ५. बहुतेक कीबोर्ड बंद करून चालू केले की हे परत शून्यावर येतं, आणि भर भजनात वीज जाऊन आली की पहिला सूर भलतीकडेच लागतो. माझ्या कीबोर्डवर मी कागदी टेपवर त्या दिवसाचा आकडा लिहून चिकटवतो.

मुलांना मात्र पहिली दोन वर्षं या बटणाला हात लावू देऊ नये असं माझं ठाम मत आहे. काळी एक, पांढरी चार, काळी चार अशा निदान तीन ठिकाणांहून सरगम बसली की मग बटण वापरावं. नाहीतर मूल एकाच जागेचं कैदी होतं आणि पेटीवर बसवलं की रडकुंडीला येतं.

ट्रान्सपोज पूर्ण पायऱ्यांनी सरकतो. बारीक जुळवणीसाठी 'ट्युनिंग' लागतं. कीबोर्ड कारखान्यातून ४४० हर्ट्झला लावलेला येतो, म्हणजे मधल्या सप्तकाची पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांवर. आपल्या जुन्या पेट्यांना हा आकडा ठाऊक नसतो. कोणी सूर घासून थोडा चढवलेला असतो, कोणाचे उतरलेले असतात. दोन्ही एकत्र वाजवले की सूर एकच असूनही मध्ये 'वाँव-वाँव' अशी लहर ऐकू येते, ती कानाला खुपते. जुळवायची रीत सोपी आहे. पेटीवर षड्ज धरून ठेवायला सांगा, कीबोर्डवर हार्मोनियमचा टोन लावून तोच सूर धरा आणि ट्युनिंगचा आकडा एक-एक सरकवत जा. लहर मंदावते, अजून मंदावते आणि एका जागी थांबते. तिथेच सोडा. सेकंदाला जितक्या लहरी, तितक्या हर्ट्झचा फरक, एवढा साधा हिशोब आहे. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेत ही सोय साधारण ४२७ ते ४५३ हर्ट्झपर्यंत जाते, कॅसिओच्या सीटी-एक्स मालिकेत ४१५.५ ते ४६५.९ पर्यंत. दोन्हींत गावातली बहुतेक पेटी बसते. स्वस्तातला अनोळखी कीबोर्ड घेत असाल तर पुस्तिकेत ट्युनिंग हा शब्द आहे का ते आधी शोधा. नसेल तर तो मंडळाच्या कामाचा नाही.

कीबोर्ड भजनात आणायला आमच्याकडच्या जाणत्यांचा पहिल्यांदा विरोध होता. त्यांचं म्हणणं मी मान देऊन ऐकलं. पण पेटीलाही हेच ऐकावं लागलं होतं: आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला तीसेक वर्षं लागली. आज पेटीशिवाय भजनाची बारी उभी राहत नाही. कीबोर्डने पेटीची जागा घ्यावी असं मला वाटत नाही, पण शेजारी सुरात बसला तर जाणतेही हळूहळू मान डोलवतात. सुरात मात्र बसायला हवा.

चौथी पायरी: टोन आणि ताल यांचे पैसे किती द्यायचे

६०० टोन असले तरी तुम्ही वर्षभरात दहा-बारा वापरणार. हार्मोनियम, ऑर्गन, पियानो, स्ट्रिंग्ज, बासरी, शहनाई, सतार, तानपुरा. दुकानात हे आठ ऐका आणि बाकीचे सोडून द्या. हार्मोनियमचा टोन नुसता लावून बघू नका. एक सूर दहा सेकंद धरून ठेवा. काहींमध्ये मध्येच उडी ऐकू येते, जिथे रेकॉर्ड केलेला तुकडा पुन्हा सुरू होतो. अभंगात लांब सूर धरला की ती उडी हमखास उघडी पडते.

तालांचं असं आहे. मंडळात पखवाजवाला आहे का? असेल तर तालांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. यंत्राचा ठेका पखवाजाच्या हाताबरोबर कधीच चालत नाही, लय वाढवताना तर मुळीच नाही. मूल घरी एकटं बसून सराव करणार असेल तर मात्र भारतीय ताल मोलाचे. पाश्चात्त्य धाटणीच्या कीबोर्डावर आठ मात्रांचा कहरवा आणि भजनी ठेका कसातरी भागवता येतो, वॉल्ट्झवर दादरा बसतो, पण सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल शोधून सापडत नाही.

पिच बेंडचं, म्हणजे सूर वर-खाली वाकवणारं चाक असेल तर बासरी आणि शहनाईच्या टोनवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढता येते. पेटीवर जे कधीच करता आलं नाही ते इथे जमतं, आणि माझ्यासारख्या पेटीवाल्याला त्याचं सुख काय सांगू. पण हे चाक शिकलेल्या हाताचं काम आहे, पहिल्या वर्षी त्यावाचून अडत नाही.

पॉलिफनी म्हणजे यंत्र एका वेळी किती आवाज काढू शकतं. ३२ चालतात, ४८ बरे. ताल, साथ आणि दोन टोन एकत्र लावले की ३२ वाल्यात आधीचे सूर गुपचूप गळतात. एवढंच लक्षात ठेवा.

पाचवी पायरी: ॲडाप्टर आणि वीज

कीबोर्डाआधी ॲडाप्टर जातो. त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचा. 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट' असं लिहिलेला हलका ॲडाप्टर घ्या. संध्याकाळी सगळ्या वाडीचे दिवे लागले की आमच्याकडे दाब खाली येतो, तोही हा ॲडाप्टर सांभाळून घेतो. जुन्या पद्धतीचा जड, ट्रान्सफॉर्मरवाला फक्त २३० साठी असतो. इन्व्हर्टरवर किंवा मांडवाच्या जनरेटरवर तो गुणगुणतो आणि ती गुणगुण स्पीकरमधूनही येते.

बाजारातला 'सगळ्यांना चालणारा' ॲडाप्टर लावताना फार जपा. यामाहाचे नेहमीचे ॲडाप्टर १२ व्होल्टचे, पिनेच्या आत धन. कॅसिओचे जुने ९ व्होल्टवाले पिनेच्या आत ऋण. पीन दोन्हींची बसू शकते, आणि उलटं बसलं तर आतलं सर्किट जळतं. डब्यात ॲडाप्टर आला आहे का ते दुकानातच पाहा, कारण काही मॉडेलांबरोबर तो वेगळा विकत घ्यावा लागतो. पैसे मोजताना तो हिशोबात धरा.

सेलवर चालणारा कीबोर्ड कोकणात चैन नव्हे. पावसात तास-तास वीज नसते आणि मुलाचा सराव तेव्हाच व्हायचा असतो. फक्त महिनाभर वाजवणार नसाल तर सेल काढून ठेवा. सेल गळला की आतल्या पत्र्याच्या पट्ट्या हिरव्या-पांढऱ्या होऊन खलास.

मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. आभाळ गडगडलं की ॲडाप्टर भिंतीतून उपटायचा. बटण बंद करून भागत नाही.

सहावी पायरी: मिक्सरला जोडायची सोय

हा भाग मंडळवाल्यांनी नीट वाचावा. कितीतरी चांगले कीबोर्ड मांडवात 'बेकार' ठरतात ते एका वायरीमुळे.

स्वस्तातल्या कीबोर्डला आवाज बाहेर काढायला बहुधा एकच जागा असते: हेडफोनचं भोक. त्यातून डावा आणि उजवा असे दोन आवाज एकाच पिनेवर येतात. साउंडवाला गडबडीत दोन्ही टोकांना सारखीच तीन भागांची पीन असलेली वायर घेतो आणि मिक्सरच्या एका चॅनेलमध्ये खुपसतो. त्या चॅनेलची रचना अशी की पिनेवर आलेल्या दोन आवाजांची वजाबाकी व्हावी. मायकच्या वायरीत शिरलेली खरखर काढायला ते केलेलं असतं. आपल्या कीबोर्डात डावं-उजवं जवळपास सारखं, मग वजाबाकी केल्यावर उरणार काय? हार्मोनियम गायब, मागची घुमारी तेवढी शिल्लक. आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ. साउंडवाला म्हणतो कीबोर्ड खराब, वाजवणारा म्हणतो मिक्सर खराब.

यावर दीड-दोनशे रुपयांचं उत्तर आहे. एका टोकाला स्टिरिओ पीन आणि दुसऱ्या टोकाला दोन सुट्या मोनो (एकाच आवाजाच्या) पिना अशी 'वाय' वायर स्वतःची घेऊन ठेवा. दोन पिना दोन चॅनेलमध्ये. हेडफोनच्या भोकात एकच मोनो पीन घुसवू नका, त्याने उजवी बाजू शॉर्ट होते. आणि वायर लावली की कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, म्हणून वाजवणाऱ्याजवळ एक मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, मागून घ्या. कीबोर्डचा आवाज निम्म्याच्या थोडा वर ठेवून उरलेलं मिक्सरवर सोडायचं.

ज्या मॉडेलांना डावी-उजवी अशी दोन वेगळी भोकं असतात, जशी यामाहाच्या पीएसआर-ई४७३ ला आहेत, तिथे हा प्रश्नच येत नाही. पण त्याची किंमत पहिल्या कीबोर्डासाठी जास्त पडते.

यूएसबीची सोयही पाहून घ्या. संगीतयंत्रांनी एकमेकांशी बोलायची मिडी नावाची भाषा १९८३ पासून सगळ्या कंपन्यांनी एकच ठेवली आहे. त्यामुळे ओटीजी केबलने कीबोर्ड मोबाइलला जोडून मोबाइलमधल्या ॲपचे आवाज वाजवता येतात. चार वर्षांनी आतले टोन जुने वाटायला लागले तरी पट्ट्या कामाला राहतात.

मग घ्यायचा कोणता

साधारण १० ते २० हजारांच्या दरम्यान खर्च करायची तयारी असलेल्यांसाठी सांगतो. भाव सणासुदीला हलतात, म्हणून दर न सांगता गुण सांगतो. यामाहाचा पीएसआर-ई२७३ स्वस्त आणि साधा, पण त्याला टच नाही, यूएसबी नाही. त्याचाच मोठा भाऊ ई३७३, त्यात दोन्ही आहेत आणि पॉलिफनी ४८. घरी शिकणाऱ्या मुलासाठी मी बहुतेकदा हाच सुचवतो. कॅसिओचा सीटी-एस२०० वजनाने हलका, खांद्याला अडकवून एसटीतून नेता येतो, पण टच नाही. सीटी-एस३०० मध्ये टच आहे आणि पिच बेंडचं चाकही. दर आठवड्याला वाडी-वाडी फिरणाऱ्या मंडळाला तो सोयीचा. कॅसिओचा सीटी-एक्स८७०आयएन खास भारतासाठी काढलेला, भारतीय टोन आणि ताल असलेला. एकट्याने सराव करणाऱ्या भजनीबुवाला मी तो सांगेन. यामाहाचा पीएसआर-आय५०० त्याहून वरच्या किमतीचा, त्यात तानपुरा-तबल्याबरोबर रियाज करायची सोय दिलेली आहे. पैसे असतील तर सुंदर, नसतील तर कर्ज काढून घेण्यासारखं काही नाही.

या सगळ्यांत दोन मॉडेल तुल्यबळ वाटली तर एकच प्रश्न निकाल लावतो: बिघडला तर कुठे न्यायचा? दुकानदाराकडून सर्व्हिस सेंटरचं गाव लिहून घ्या. सिंधुदुर्गातल्या माणसाला कोल्हापूर किंवा गोवा जवळ, रायगडवाल्याला मुंबई. चिपळूण-रत्नागिरीच्या माणसाने दोन्हीकडचा विचार करावा. ऑनलाइन हजार रुपये स्वस्त मिळालेला कीबोर्ड पार्सल करून परत पाठवायची वेळ आली की ते हजार रुपये आणि एक गणपती दोन्ही जातात. माझ्या ओळखीतल्या एका घरी नेमकं हेच झालं, आरत्या टाळांवरच झाल्या.

सगळे पैसे कीबोर्डवर संपवू नका. स्टँड, कापडी कव्हर, वाय वायर, ॲडाप्टर यांना दोन-तीन हजार बाजूला ठेवा. स्टँड नसला की कीबोर्ड चटईवर येतो, आणि जमिनीची ओल सरळ पोटात शिरते.

दुकानात बसल्यावर

डेमोचा सूर ऐकून हुरळू नका, तो सगळ्यांचाच गोड असतो. स्वतः बसा. पियानोचा टोन लावा, टच चालू, आणि डावीकडून एक-एक पट्टी हळू दाबत उजवीकडे जा, काळ्या-पांढऱ्या सगळ्या. मग जोरात दाबत परत या. दोन मिनिटं लागतात. दुकानदार कंटाळला तरी चालेल. आवाज पूर्ण मोठा करून सगळ्यात खालचा सूर दाबा, स्पीकर फाटतो का ते कळतं. ॲडाप्टरची पीन हलकेच हलवून बघा, कीबोर्ड बंद पडायला नको. पुस्तिका उघडून ट्युनिंग कुठे आहे ते विचारा आणि त्याच्यासमोर आकडा बदला. डबा सीलबंद मिळाला तर तोच डबा तिथेच उघडून हे सगळं करा. वॉरंटी कार्डावर शिक्का, पक्क्या बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक.

आणि खरेदी मे-जूनमध्ये उरका. गणपतीच्या तोंडावर मॉडेल मिळत नाही, मिळालं तर पारखायला वेळ मिळत नाही.

जुना घेणार असाल तर

जुना चांगला कीबोर्ड हा नव्या खेळण्यापेक्षा केव्हाही बरा. वरची सगळी परीक्षा तशीच घ्या आणि तीन गोष्टी जास्तीच्या. सेलचा कप्पा उघडून हिरवट पापुद्रा आहे का ते बघा. पालथा करून हलकेच हलवा, आत काही खुळखुळतं का. झुरळांची अंडी, मुंग्यांची माती, सुटलेले स्क्रू असं काहीही निघतं. आणि नाक लावून वास घ्या. कुबट वास आला तर आत बुरशी आहे.

पुरात भिजलेला कीबोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नये. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा किती घरांतलं विजेचं सामान गाळात गेलं ते आपण पाहिलं आहे. असं यंत्र वाळवल्यावर काही आठवडे छान चालतं, मग आतलं तांबं खात-खात एक-एक सूर जातो. स्पीकरच्या जाळीच्या कोपऱ्यात आणि स्क्रूच्या खाचेत वाळलेला बारीक गाळ शोधा, तो पुसून जात नाही.

पावसाळ्यात सांभाळणं

आता माझ्या पहिल्या कीबोर्डाची गोष्ट. जूनमध्ये मी तो मोठ्या प्रेमाने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, चिकटपट्टी लावली, खोक्यात घातला आणि माळ्यावर ठेवला. पाणी लागू नये म्हणून. पिशवीत बंद झालेली ओल चार महिने आतच राहिली. सेलही आतच होते. उघडला तेव्हा रबराच्या टोप्यांवर पांढरी बुरशी, सेलच्या जागी हिरवं पीठ. पेटीला पावसाळ्यात गोधडीत गुंडाळतो तसं यंत्राला गुंडाळलं, तिथे चुकलं.

ओलीला बाहेर जायला वाट हवी. सुती कापडाचं कव्हर घाला, प्लास्टिकचं नको. भिंतीपासून वीतभर दूर, स्टँडवर किंवा पाटावर ठेवा, कौलं गळतात त्या बाजूला तर नकोच. रोज निदान अर्धा तास चालू ठेवा. यंत्र चालताना आत जी थोडी ऊब येते तीच ओल बाहेर काढते, म्हणून वाजता कीबोर्ड कमी बिघडतो. कव्हरखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर शेकून पुन्हा वापरा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी वायर लावायच्या भोकांना वापर नसताना कागदी टेप लावावी, खाऱ्या हवेने आतलं पितळ काळं पडतं.

गणपतीत कीबोर्ड मखरापासून लांब ठेवा. कापराची काजळी आणि उदबत्तीची राख पट्ट्यांच्या फटीत बसते, आणि आरती करून आलेले तेल-तुपाचे हात तसेच पट्ट्यांवर येतात. पट्ट्या पुसायला घट्ट पिळलेलं सुती फडकं पुरे. पाणी शिंपडायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही, छापलेली अक्षरं निघतात.

घरी आणल्या दिवशी

खोकं आणि आतला थर्माकोल टाकू नका. कीबोर्ड दुरुस्तीला रेल्वेने किंवा टेम्पोने जाईल तेव्हा त्याच्याइतकं सुरक्षित दुसरं काही नाही. बिलाचा आणि अनुक्रमांकाचा फोटो काढून घरातल्या दोन मोबाइलवर ठेवा, कागद ओलीने विरतो. त्या आठवड्यात मुलाला रोज वाजवू द्या, भरपूर. काही दोष असेल तर तो परत करायच्या मुदतीतच कळायला हवा.

आणि ॲडाप्टरवर पक्क्या शाईच्या पेनाने कीबोर्डचं मॉडेल, व्होल्ट आणि तुमच्या वाडीचं नाव लिहा. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याच्या, रात्री मांडवात चार काळे ॲडाप्टर एकाच बोर्डाखाली पडलेले असतात, आणि पहाटे अंधारात सामान आवरताना प्रत्येक जण हाताला लागेल तो उचलतो.